मदतनीस झालेल्या भाचीस

पुणे

चि. सोनू हिस,


तुझी पाळणाघरातली नोकरी पक्की झाल्याचं तुझ्या आईने कळवलं. फार बरं वाटलं. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं, वर्गाला एक ताई आणि त्यांच्या हाताखाली एक मदतनीस, ती तू. पण तू स्वतः लिहिलंस त्यात एक वाक्य होतं: "शिकवायचं काम ताईंचं, मावशी. माझ्याकडे शी-शू, भरवणं आणि झोपवणं." ही समजूत मनात घेऊन तू सोमवारी कामावर जाऊ नयेस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं. त्यामुळे जे सांगते आहे ते पूर्ण खात्रीने सांगते आहे.

वर्षाच्या मुलाला शिकवायचं म्हणजे काय करायचं, सांग बरं. त्याला पाटी नको, तक्ता नको. ताई पंधरा मिनिटं गाणी म्हणतील, रंगीत ठोकळे मांडतील, आणि ते हवंच. पण दिवसभरात त्याचा लंगोट पाच-सहा वेळा बदलला जाणार, तीन-चार वेळा त्याला भरवलं जाणार, एक-दोनदा निजवलं जाणार, कितीतरी वेळा उचललं जाणार. प्रत्येक वेळी ते काहीतरी शिकतं. आपण रडलो तर कुणी येतं का? आलेले हात घाईचे आहेत की सावकाश? आपण मान फिरवली तर समोरच्या माणसाला ते कळतं का? माणसांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे मूल या वयात ठरवत असतं, आणि ते ठरतं तुझ्या हातांत. म्हणजे या वर्गातलं बरंचसं शिक्षण तुझ्याकडून होणार आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. हंगेरीत एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाई होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, बुडापेस्टमधल्या लोत्सी रस्त्यावर त्यांनी तान्ह्या मुलांचं एक निवासगृह सुरू केलं. आई-बाप नसलेली, घर तुटलेली मुलं तिथे वाढायची. अशा ठिकाणी पोटाला मिळूनही मुलं कोमेजतात, असा तोवरचा अनुभव होता. पिकलरबाईंनी दाईंना शिकवलं की अंघोळ, कपडे बदलणं, भरवणं ही कामं उरकायची नाहीत. त्या वेळेत ती दाई पूर्णपणे त्या एका मुलाची असली पाहिजे. उचलण्याआधी मुलाला सांगायचं, हात पुढे करायचे आणि त्याचं अंग तयार होईपर्यंत थांबायचं. त्या मुलांनी माणसांवर विश्वास ठेवला, तो या कामांतून.

आपल्याकडेही हे जाणणाऱ्या बायका होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आदिवासी पाड्यांतल्या अंगणात शाळा नेली. तिथे मुलांना न्हाऊ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हासुद्धा शाळेचा भाग होता. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. तुझ्या हातात साबण आणि टॉवेल असेल तेव्हा या दोघींची आठवण ठेव.

आता कामाकडे येते. आधी लंगोट, कारण सगळ्यात जास्त घाई तिथेच होते. मागून येऊन मुलाला अचानक उचलू नकोस. समोर बस, "आता तुझा लंगोट बदलू या हं" म्हण, हात पुढे कर, क्षणभर थांब. आठवड्याभरात दिसेल की मूल स्वतःहून हात वर करतंय. पुसताना काय करतेस ते बोलत राहा: हा पाय वर, आता थंड पाणी, झालं. मुलींना पुसताना नेहमी पुढून मागे. जांघेतल्या घड्या कोरड्या कर. पावडर टाळ, तिची धूळ मुलाच्या छातीत जाते. उंचावर ठेवलं असेल तर एक हात कायम मुलाच्या अंगावर. काही विसरलं असेल तर मुलाला उचलून घेऊन ते आणायला जा. काम झालं की तुझे हात साबणाने, वीस सेकंद चोळून, धू. एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाताना ते मुळीच चुकवू नकोस. जुलाब पाळणाघरात पसरतात ते असेच. आणि शी बघून नाक मुरडू नकोस, "ई, घाण" म्हणू नकोस. स्वतःच्या शरीराबद्दलचं त्याचं पहिलं मत तुझ्या चेहऱ्यावरून बनतं.

भरवायला बसशील तेव्हा एका वेळी एक किंवा दोनच मुलं समोर घे. चमचा ओठांपर्यंत ने आणि थांब. तोंड उघडणं हे त्याचं काम. मान फिरवली की पोट भरलं किंवा नको आहे, दोन्ही ऐकायचं. मोबाइल समोर धरून घास कोंबायचा नाही, वाटी घेऊन मागे पळायचं नाही. आठ-नऊ महिन्यांच्या मुलाच्या हातात दुसरा चमचा दे. वरणभात केसांना लागेल, लागू दे. वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, कुणाच्या आजीने सांगितलं तरी नाही. त्यातून तान्ह्या मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटी, ग्राइप वॉटर, तापाचं औषध, काहीही पालकांच्या लेखी सूचनेशिवाय तुझ्या हातून जाता कामा नये. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न वर्गात आणायचेच नाहीत. काही आया स्वतःचं दूध काढून पाठवतात. त्या बाटलीवर नाव आणि वेळ लिहिलेली हवी. आली की फ्रिजमध्ये ठेव, देताना गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट कर, मायक्रोवेव्हमध्ये नको, कारण त्यात दूध सारखं तापत नाही आणि तोंड भाजतं. उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. आणि कितीही मुलं रडत असली तरी बाटली उशीला टेकवून मूल एकटं सोडायचं नाही.

घास घशात अडकला तर काय करायचं, हे पहिल्याच आठवड्यात एखाद्या डॉक्टरांकडून बाहुलीवर शिकून घे. वर्षाच्या आतलं मूल असेल तर त्याला आपल्या हातावर पालथं धरायचं, डोकं छातीपेक्षा खाली, आणि तळहाताच्या टाचेने खांद्यांच्या मधोमध पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आणि पुन्हा थापा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, त्याने घास आणखी आत जातो. दुसरीला त्याच क्षणी १०८ ला फोन करायला सांगायचं. न्हाणीघरात भरलेली बादली ठेवायची नाही. रांगत्या मुलाला बुडायला चार बोटं पाणी पुरतं.

झोपवताना वर्षाच्या आतलं मूल नेहमी उताणं ठेव. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. ती घरून आली तरी नम्रपणे परत कर. उशी, जाड दुलई, मऊ खेळणी अंथरुणात नकोत, तोंडावर दुपटं नको. मुलं झोपली की पडदे ओढून बायका दुसऱ्या खोलीत जेवायला बसतात. तू तसं करू नकोस. कुणीतरी एकीने मुलं दिसतील, श्वास दिसेल अशा जागी बसायचंच. प्रत्येक मुलाला झोप वेगळ्या वाटेने येते. कुणाला पाठीवर थोपटलेलं लागतं, कुणाला कानाची पाळी चोळलेली, मोठ्यांपैकी कुणी आईची ओढणी नाकाशी धरतं. ते शोधून काढ आणि वहीत लिहून ठेव, म्हणजे तू रजेवर असशील त्या दिवशी त्या मुलाचे हाल होणार नाहीत.

आता सकाळचं रडणं. नोकरदार आईची प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली. म्हणजे बरीचशी मुलं साधारण सहा-सात महिन्यांची होऊन तुझ्याकडे येणार. त्या वयात ती कुणाकडेही हसत जातात. आईला वाटतं, छान रुळला. मग आठव्या-नवव्या महिन्यात तेच मूल दारातच टाहो फोडतं. आई घाबरते, पाळणाघरात काहीतरी वाईट झालं असं तिला वाटतं. तू घाबरू नकोस. समोरून गेलेलं माणूस कुठेतरी असतंच, हे मुलाला या सुमारास कळू लागतं. आई आहे, पण माझ्याजवळ नाही, हे कळल्याचं ते रडणं असतं. ती त्याच्या बुद्धीची वाढ आहे, आणि हे तू आईला शांतपणे समजावून सांगायचंस.

या दिवसांत मुलाचं लक्ष दुसरीकडे वेधून आईला मागच्या मागे पळवायची पद्धत आहे. ती बंद कर. एकदा आई न सांगता नाहीशी झाली की ती कधीही नाहीशी होऊ शकते असं मूल शिकतं, आणि मग ते दिवसभर दाराकडे बघत राहतं. आईने त्याला सांगावं, पापा घ्यावा आणि निघावं, दारात रेंगाळू नये. मग तू त्याला जवळ घे. लगेच खुळखुळा वाजवून गप्प करायला जाऊ नकोस. म्हण, "आई कामाला गेली. तुला आई हवीय. तू जेवणार, झोपणार, उठणार, मग आई येणार." त्याला घड्याळ कळत नाही, पण जेवण, झोप, उठणं हा क्रम कळतो. तो रोज तसाच घडू लागला की रडणं आपोआप कमी होतं. दुपारी त्याच्याशी कुकचा खेळ खेळ: चेहरा पदराआड गेला, परत आला. आणि "रडलास तर आई येणार नाही", "बागुलबुवा नेईल", "पोलिसाला देईन" ही वाक्यं त्या वर्गात कुणाच्याच तोंडून निघू देऊ नकोस.

तुला वाटेल, एवढी मुलं असताना हे सगळं कसं जमायचं? प्रश्न खरा आहे. सरकारी योजनेतल्या पाळणाघरात पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरलेली असायची. अमेरिकेतली बालशिक्षणाची मोठी संघटना सांगते की तान्ह्या चार मुलांमागे एक मोठं माणूस असावं. आपल्याकडे ते सहसा मिळत नाही, आणि त्याचा भार मुलांवर आणि तुझ्यासारख्या बायकांवर पडतो. मुलं वाढली आणि माणसं तेवढीच राहिली, तर ताईंबरोबर तूही व्यवस्थापनाला सांग. ते होईपर्यंत एक गोष्ट मागून घे: लहानांतली ठरावीक तीन-चार मुलं तुझ्या नावावर असावीत. त्यांचं बदलणं, भरवणं, निजवणं होता होईल तो तूच करायचं. ज्याच्या त्याच्या हातून फिरणाऱ्या मुलाला कुणाचेच हात ओळखीचे होत नाहीत.

मोठी मुलं, म्हणजे दीड-दोन वर्षांची, चावतील. दात येत असतात, भूक लागलेली असते, शब्द अजून आलेले नसतात, आणि एकाच लाल गाडीवर दोघांचा जीव असतो. चावा बसला की आधी ज्याला लागलं त्याला जवळ घे, ती जागा धू. मग चावणाऱ्याच्या उंचीवर बसून हलक्या पण ठाम आवाजात सांग, "चावलं की दुखतं. मी चावू देणार नाही." कुणी जुनी बाई म्हणेल, त्यालाही एकदा चाव म्हणजे समजेल. तसं कधीही करायचं नाही. त्याला "चावरा" हे नाव चिकटू देऊ नकोस. कुठल्या वेळी, कशावरून होतं ते टिपून ठेव. बहुतेकदा जेवणाच्या आधीची पंधरा मिनिटं वाईट असतात. त्या वेळी तू जमिनीवर त्यांच्यात बसलेली हवीस. आवडत्या खेळण्याची जोडी ठेवली की निम्मी भांडणं मिटतात.

बोल, भरपूर बोल. पुण्यात आता तुझ्याकडे हिंदी, तेलुगू, तमिळ घरांतली मुलं येतील. त्यांच्याशी मोडकं इंग्रजी बोलायची गरज नाही. आपल्या चांगल्या मराठीत बोल, गाणी म्हण. प्रत्येक आईकडून मात्र तिच्या भाषेतले पाच शब्द शिकून घे: पाणी, शू, झोप, दुखतंय, आई. अनोळखी खोलीत घरचा एक शब्द ऐकू आला की मुलाचा चेहरा बदलतो.

पालकांशी वागताना एक जपायचं. मूल त्यांचं आहे. "माझ्याकडेच जास्त छान राहतो" असं थकून आलेल्या आईला कधीही म्हणू नकोस. पहिलं पाऊल, पहिला शब्द तुझ्यासमोर घडेल. ते लगेच कळलेलं आवडेल की घरी स्वतः बघायला आवडेल, हे प्रवेशाच्याच दिवशी विचारून ठेव आणि तसं वाग. संध्याकाळी मूल हातात देताना काय खाल्लं, किती झोपलं, कशाने हसलं, एवढं तरी रोज सांग.

आता अवघड भाग. तू हाताखालची म्हणून गप्प बसायचं नाहीस. मुलांचं अंग रोज तू बघणार, त्यामुळे वळ, चटका, सूज सगळ्यात आधी तुलाच दिसणार. दिसलं की तारीख, वेळ, जागा लिही आणि ताईंना सांग. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुझ्यावरही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक पाठ करून ठेव. पाळणाघरातच कुणी मुलाला मारताना, चिमटा काढताना, गदागदा हलवताना दिसलं, तरी हेच. तान्ह्या मुलाला गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. आणि कधी तुझाच राग वर येईल, कारण तीन मुलं एकदम रडत असताना तो कुणालाही येतो. तशा वेळी मुलाला पाळण्यात सुरक्षित ठेव, दोन पावलं मागे हो आणि दुसरीला हाक मार. मदत मागणारी बाई या कामाला लायक असते.

स्वतःलाही सांभाळ. वाकून उचलू नकोस, गुडघे मोडून बस आणि मूल छातीशी घेऊन उठ. नाहीतर पाठ जाईल. नेमणुकीचं पत्र आणि किमान वेतन संकोच न करता माग. हे काम मायेने करायचं असलं तरी तो धर्मादाय नव्हे.

तुझी छकुली सासूबाईंजवळ राहणार, याची टोचणी तुला लागेल, हे मी जाणते. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला आपलं मूल मागे ठेवून निघायचं, हे सोपं नाही. तिलाही सकाळी सांगून नीघ, लपून निघू नकोस. पाळणाघरात काही बायकांना स्वतःचं मूल आणायची मुभा असते, ती विचारून बघ. नाहीच मिळाली, तर संध्याकाळी घरी गेल्यावर पहिला अर्धा तास तिचा. भांडी पडू देत.

पहिला महिना फक्त मुलं ओळखण्यात घाल. मग मला पत्र पाठव. दिवसाला किती लंगोट बदललेस ते नको लिहू. तुझ्या वाट्याच्या प्रत्येक मुलाला झोप कशी येते, कुठल्या घासाला ते तोंड फिरवतं, कशाने शांत होतं, आणि तू हात पुढे केलेस की आता ते काय करतं, ते लिही. ते लिहिता आलं, की त्या वर्गात एक नाही, दोन शिक्षिका आहेत असं मी सगळ्यांना सांगेन.

तुझी
मावशी

ता. क. : रविवारी रात्री नखं कापून टाक. काचेच्या बांगड्या आणि लोंबते कानातले घरी ठेव. साडीला किंवा ओढणीला सेफ्टी पिन लावू नकोस. मंगळसूत्र आत खोचलेलं असू दे, मुलं ते हमखास ओढतात. आणि पायात घालायला एक वेगळी स्वच्छ चप्पल वर्गातच ठेव, बाहेरची आत नको. तिथली जमीन हेच त्या मुलांचं अंगण आहे.